उडदातलं तण आणि मालकाच्या उसातलं तण



मृग तोंडावर आला आहे. वखरणी उरकत आलीय, बाया कणग्या उघडून बी निवडायला बसल्यात. अशा वेळी मोर्चा, पंचनामा, कोर्टाची तारीख बाजूला ठेवून आम्ही उडीद-तुरीतल्या तणावर लिहितोय, याचं काहींना नवल वाटेल. पण गेल्या पावसाळ्यापासून गावोगावच्या बैठकांत हा विषय पुन्हा पुन्हा निघतोय. पायथ्याच्या काही गावांत कडधान्याच्या बियाण्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या. बी गुलाबी रंगाचं, सोबत काळ्या भुकटीची एक पुडी. मग दुकानदार पुढे झाले आणि त्यांनी तणाच्या औषधाची बाटली उधारीवर हातात दिली. यावरून बैठकीत दोन तट पडले. काही साथी म्हणाले, सगळं विष आहे, नाल्यात फेका. तरुण पोरं म्हणाली, मालकाच्या शेतात औषधानं तण जळतं, मग आपल्याच बाया का म्हणून वाकून मरतात?

आम्हाला दोन्ही म्हणणी पुरती पटली नाहीत. पुडी घ्यावी, बाटली परत करावी, आणि गुलाबी बी खायच्या दाण्यापासून लांब ठेवावं, असं आमचं मत आहे. (आणि काहीही नाल्यात फेकू नये. खाली गुरं आणि माणसं पाणी पितात.) पण त्याआधी आपल्या उडदात तण का माजतं, हे बघितलं पाहिजे. कारण ते आपल्या आळसानं माजत नाही, साहेब लोक काहीही म्हणोत.

उडीद, मूग ही साठ ते ऐंशी दिवसांची पिकं. पहिले दोन आठवडे रोप आपल्याच दाण्यातल्या शिदोरीवर जगतं. तिथून पुढं पस्तीस-चाळीस दिवसांपर्यंत त्याची खरी वाढ ठरते. याच दिवसांत त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि त्या गाठींतले जंतू हवेतला नत्र धरून रोपाला देतात. पण जंतूंना खायला रोपच साखर पुरवतं. ती साखर उन्हाशिवाय होत नाही. तणानं सावली धरली की पान उपाशी, पान उपाशी की गाठ उपाशी. म्हणून ज्वारी-मका थोडं तण सोसून नेतात, उडीद सोसत नाही. निम्मं पीक सहज जातं, कधी बियाण्यापुरतंही हाती येत नाही. तुरीचं आणखी वेगळं. ती पुढं डोक्याएवढी होते, पण पहिला दीड महिना फारच सावकाश वाढते. तेवढ्या दिवसांत कुणी तिला सांभाळलं नाही तर लव्हाळा आणि कुंदा तिला वर येऊ देत नाहीत.

म्हणजे पेरल्यापासून तिसऱ्या आठवड्यात पहिली निंदणी आणि सहाव्या आठवड्याच्या आत दुसरी. एवढं झालं की पुढचं तण फारसं बाधत नाही. उडदाचं पान जमीन झाकून टाकतं. उलट उडीद फुलावर आल्यावर खुरपं घेऊन शिरलं तर मुळं तुटतात, फुलं गळतात. ही गोष्ट कुठल्याही म्हातारीला विचारा, ती सांगेल. आपल्याला ज्ञानाची कमतरता नाही.

मग अडतं कुठं? मृग-आर्द्रात पेरलं तर तिसरा आठवडा आषाढात पडतो. त्याच आठवड्यात खाली सपाटीवर मालकाच्या कपाशीत, मिरचीत, उसात निंदणी निघते. आणि त्याच आठवड्यात आपली कोठी रिकामी असते. बाया पहाटे भाकरी बांधून डोंगर उतरतात, मालकाचं शेत साफ करतात, अंधार पडता घरी येतात. पंधरा-वीस दिवस हेच. एका एकराच्या दोन निंदण्यांना वीस-पंचवीस बायांचे दिवस लागतात, हा बायांचाच हिशेब. घरात दोन बाया असतील आणि दोघी मजुरीला असतील तर हे दिवस आणायचे कुठून? आपल्या नेवाडाची पाळी नागपंचमीनंतर येते. तोवर गवत गुडघ्याला आणि उडीद फुलावर. साहेब बांधावर उभं राहून म्हणतात, आदिवासी शेतीकडे लक्ष देत नाही. अहो, लक्ष देणारे हात तुमच्या पाहुणचार करणाऱ्या मालकाच्या उसात होते.

म्हणून आम्ही म्हणतो की आपल्या उडदातलं तण हा शेतकीचा प्रश्न नंतर आहे, आधी तो मजुरीचा आणि खावटीचा आहे. खावटी पेरणीच्या आधी हातात पडली तर बाई निदान दहा दिवस आपल्या शेतात राहू शकते. तीच खावटी पोळ्याला मिळाली तर ती दुकानदाराच्या वहीत जाते. दोन्ही वेळा रक्कम एकच, पण पहिल्या वेळी तिचा उडीद होतो, दुसऱ्या वेळी व्याज होतं.

आता बाटलीचं. मालकाकडे आपण निंदणीचा रोज वाढवून मागितला की तो बाटली दाखवतो. म्हणतो, जास्त बोलाल तर औषध मारीन, मग बसा घरी. ही धमकी खोटी नाही. उसात काही ठिकाणी बायांचे दिवस कमी झालेतच. यावर आपली लढाई चालू राहील, ती या लेखात मावणार नाही. पण तीच बाटली आपण आपल्या डोंगरावर विकत आणायची का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर शेतातच मिळतं.

मालकाच्या शेतात एकच पीक असतं. आपल्या नेवाडावर एका तासात ज्वारी, दुसऱ्यात तूर, मधे उडीद-चवळी, कडेला मका, वरच्या उतारावर बंटी-मोर, कुंपणाला वाल. तणाचं औषध डोळ्यांनी बघून मारत नाही. उसात आणि गव्हात २,४-डी मारतात, ते रुंद पानाचं झाड मारतं आणि गवतासारख्या पिकाला सोडतं. आपली तूर, उडीद, मूग, चवळी सगळी रुंद पानाची. नुसता वाऱ्यानं उडालेला फवारा लागला तरी शेंडा पिळवटतो, पानं वाकडी होतात. मालकाचा पंप न धुता मागून आणला तरी घात होतो. (व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेनं जंगलाची पानं झाडायला विमानांतून जे औषध ओतलं, त्यात निम्मं हेच २,४-डी होतं. जंगलात राहणाऱ्यांनी हे माहीत करून ठेवावं.) दुसरं औषध ॲट्राझीन. मक्याला आणि ज्वारीला ते चालतं, म्हणून दुकानदार मक्याचं औषध म्हणून देतो. पण मक्यात उडीद किंवा तूर पेरली असेल तर ती उगवून पिवळी पडते आणि करपते. जमिनीत त्याचा अंश टिकला तर मक्यामागून टाकलेल्या हरभऱ्यालाही बाधतो. गेल्या साली एका गावात नेमकं हेच झालं. दुकानदारानं विचारलं नाही की मक्यात आणखी काय आहे. आपल्या माणसानं सांगितलं नाही, कारण मक्यात उडीद असतोच, त्यात सांगायचं काय? उडीद गेला, बाटलीची उधारी राहिली.

कडधान्यात चालणारं औषध नाहीच असं नाही. पेंडीमिथॅलीन नावाचं आहे. ते उडीद-तुरीच्या निव्वळ पिकात पेरल्यावर, बी उगवायच्या आत, दोन-तीन दिवसांत ओल्या जमिनीवर फवारतात आणि सपाटीवर ते कामही करतं. ते ज्वारी-बंटीला चालत नाही, हे एक. दुसरं, एकराला साधारण दोनशे लिटर पाणी लागतं. दोनशे लिटर म्हणजे किती हंडे, ते आणि मृगातल्या पहिल्या पावसात झऱ्याला किती पाणी असतं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते पाणी चढावर डोक्यावरून कोण नेणार? पुन्हा बाईच. तिसरं, उतारावर दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला की औषध मातीसकट नाल्यात. आणि लव्हाळ्याला, कुंद्याला, हराळीला ते फारसं काही करत नाही. त्यांच्या गाठी आणि मुळ्या खाली जिवंत असतात. आपलं खरं दुखणं तर तेच. त्याला उन्हाळ्यात नांगरून-वखरून मुळ्या उन्हात तापवणं हाच उपाय आहे.

आणखी एक. साहेबांच्या कागदावर ज्याला तण म्हणतात त्यातलं अर्धं आपण आषाढात खातो. तरोटा, कुर्डू, माठ, घोळ. निंदणी करून येणाऱ्या बाईच्या ओट्यात संध्याकाळची भाजी असते. औषध मारलेल्या शेतातून ती येत नाही. आणि चुकून आली तर आणखी वाईट.

मग हात कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे लाहा आहे. घर बांधायला, कापणीला आपण लाहा बोलावतो, पण निंदणीला बोलावणं कमी झालंय, कारण लाह्याला जेवण घालावं लागतं आणि आषाढात घालायला काही नसतं. आमची सूचना अशी की प्रत्येक पाड्यानं पेरणीनंतरचा तिसरा आठवडा ठरवून घ्यावा. त्या आठवड्यात चार दिवस कुणीही खाली मजुरीला उतरायचं नाही, आळीपाळीनं सगळ्यांची नेवाडं निंदायची, भाकरी ज्याची त्यानं आणायची. चार दिवस एकही बाई खाली उतरली नाही तर मालकालाही कळेल की त्याचं शेत कुणाच्या हातानं साफ होतं. रोजाची बोलणी त्यानंतर केलेली बरी. गडीमाणसांनीही खुरपं हातात घ्यावं. निंदणी बाईचंच काम, असं कुठं लिहिलंय ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

आता पुडीकडे येऊ. काळी पुडी म्हणजे औषध नव्हे, त्यात जिवंत जंतू असतात. रायझोबियम त्यांचं नाव. कडधान्याच्या मुळावर गाठी करणारे हेच. आपल्या जमिनीत ते मुळातच थोडेफार असतात, पण जिथं बरीच वर्षं कडधान्य पेरलेलं नाही किंवा माती धुपून खडक उघडा पडलाय, तिथं कमी पडतात. पाव किलोची पुडी दहा किलो बियाण्याला पुरते. एकराला निव्वळ उडीद सहा किलोच लागतो, मिश्र पेरलं तर त्याहून कमी. तेव्हा एका पुडीत दोन घरं भागतात. गुळाचं पाणी करून थंड करा, त्यात पुडी कालवा, बियाण्यावर हलक्या हातानं चोळा म्हणजे साल निघणार नाही, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलं की जंतू मेले. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेली पुडी म्हणजे नुसती काळी माती, म्हणून पुडीवरची तारीख शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. आणि पुडी कुठल्या पिकाची ते बघा. उडीद, मूग, तूर, चवळी, कुळीथ यांचे जंतू एका कुळातले. हरभऱ्याचे वेगळे, सोयाबीनचे वेगळे. सोयाबीनची पुडी उडदाला लावून काही होत नाही. गेल्या वर्षी अशाही पुड्या वाटल्या गेल्या. वाटणाऱ्याला ठाऊक नसेल असं आम्हाला वाटत नाही, संपवायच्या होत्या इतकंच.

बुरशी मारायचं औषध, थायरम किंवा कार्बेन्डाझिम, बियाण्याला लावतात ते कशासाठी? ओल्या मातीत दाणा कुजू नये, रोप जमिनीलगत मरू नये म्हणून. त्याचा उपयोग आहे, विशेषतः बाहेरून आणलेल्या बियाण्याला. पण जे बुरशी मारतं ते पुडीतल्या जंतूंनाही कमी-जास्त बाधतं. म्हणून आधी औषध, ते सुकू द्यायचं, आणि पुडी अगदी शेवटी, पेरायच्या आधी. दोन्ही एकत्र कालवलं की पुडी फुकट गेली. बी आधीच गुलाबी येत असेल तर पुडी दुप्पट लावा. तुरीच्या मर रोगाला मात्र बियाण्याचं औषध फारसं पुरत नाही, त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते. तिथं आपली जुनी रीत कामाची. ज्वारीत तूर पेरली की मर कमी होते, हे आता शेतकीचे शास्त्रज्ञही सांगतात. मिश्र पिकाला मागासलेली शेती म्हणणाऱ्यांनी ते वाचावं.

घरचं बी चांगलं राखलं असेल तर गुलाबी बियाण्याची गरजच कमी. राखेत ठेवलेला उडीद काढा, किडका-पोकळ दाणा निवडा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा. सत्तर-पंचाहत्तरच्या वर उगवले तर तेच पेरा.

गुलाबी रंगाबद्दल मात्र आम्हाला नीट बोललं पाहिजे. पिशव्या उशिरा येतात. पेरणी होऊन गेलेली असते, घरात दाणा नसतो, आणि दारात तुरीची पिशवी असते. धुऊन, रंग काढून शिजवली तर काय होणार, असं भुकेल्या माणसाला वाटणारच. १९७१ साली इराकमध्ये हेच झालं. परदेशातून पाऱ्याचं औषध लावलेलं गव्हाचं बी आलं, बऱ्याच ठिकाणी पेरणी उलटून गेल्यावर आलं. पिशवीवरची सूचना लोकांना न वाचता येणाऱ्या भाषांत. लोकांनी रंग धुतला. रंग गेला, पारा राहिला. त्या पिठाच्या भाकऱ्या खाऊन सरकारी आकड्यानुसार ६,५३० माणसं दवाखान्यात दाखल झाली आणि ४५९ मेली. विष लगेच कळत नाही, आठवड्यांनी कळतं, म्हणून घरंच्या घरं खात राहिली. पाऱ्याची औषधं आपल्या देशातही बियाण्याला लावली गेली आहेत. आता बहुतेक थायरमसारखी असतात, ती तेवढी जहाल नाहीत, पण तीही खायची नाहीत. उरलेलं बी कोंबड्यांपुढेही टाकू नका. थायरमनं कोंबडीचे पाय वाकतात, अंडी मऊ कवचाची पडतात. आमची मागणी आहे की खायच्या दिवसांत विष लावलेलं बी वाटायचं असेल तर ते रोहिणीच्या आत वाटा. नाहीतर न लावलेलं बी द्या आणि औषधाची पुडी वेगळी द्या. आणि पिशवीवर मराठीत तर लिहाच, शिवाय वाटताना भिलोरी-पावरीत तोंडानं सांगा.

शेवटची गोष्ट नेवाडाची. पिशव्या वाटताना सातबारा मागितला गेला. ज्याच्याकडे सातबारा त्याला पिशवी आणि पुडी, नेवाडवाल्याला हात हलवत परत. २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली वनजमिनीवरची वहिवाट नियमित करायचं ठरलं. त्यात बसणारी आपली कितीतरी घरं अजून ‘अतिक्रमणदार’ म्हणून लिहिली जातात. तेव्हा ज्याची जमीन सर्वांत हलकी, ज्याला पुडीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळत नाही. आणि गवत माजलेलं शेत बघून पंचनाम्यात ‘पडीत’ असं लिहिलं जातं, हा आपला अनुभव आहे. गवतात उडीद उभा असतो, पण तो बघायला वाकावं लागतं. म्हणून निंदलेलं शेत हा आपला पुरावाही आहे. पंचनाम्याला कुणी आलं तर पीक मोजून, नावानिशी लिहून घ्यायला लावा, तुरीचं झाड, उडदाचा तास, सगळं. न वाचता अंगठा देऊ नका.

या वर्षी प्रत्येक पाड्यानं एक काम करावं. पुडी मिळाली तर दोन तास पुडी लावलेल्या उडदाचे आणि शेजारी दोन तास बिनपुडीचे पेरा. निंदणी दोन्हींची एकाच दिवशी. पेरल्यापासून चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला दोन्हींकडची तीन-तीन झाडं उपटू नका, खुरप्यानं मातीसकट काढा, पाण्यात धुवा आणि फडक्यात गुंडाळून श्रावणातल्या बैठकीला आणा. मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. बोटानं सहज निघत नाही आणि मूळच सुजलेलं दिसतं ती सूत्रकृमीची गाठ, ती मोजायची नाही. सोबत चिठ्ठीवर लिहून आणा : जमीन नेवाड की सातबाऱ्याची, पहिली निंदणी कितव्या दिवशी झाली, आणि त्या दिवशी घरातल्या बाया कुठं होत्या.